आत्याबाई, तुम्ही सांगितलेला आकडा

आत्याबाई,

परवा तुमचा जलदान विधी झाला. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. दवाखान्यातल्या तुमच्या सोबतच्या आया आल्या, लॅबमधले नायडूसाहेब आले, देहूरोडहून तुमचे भाऊ, आमचे बाबूमामा आले. चार जण बोलले. पारूबाई कष्टाळू होत्या, नवरा गेल्यावर एकटीच्या जिवावर मुलगा वाढवला, पारूबाई कधी कुणाला उणं बोलल्या नाहीत. हे शेवटचं ऐकून मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नळावर तुमची बोलणी न खाल्लेली त्यांच्यात एकही नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं, सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. सकाळची गोळी अंगात भिनली होती, जीभ टाळूला चिकटली होती, बोटं थरथरत होती. लोकांना वाटलं, दुःखानं होतंय. मी हात जोडले आणि खाली बसले. बोलायचं ते तसंच राहिलं, म्हणून आज यशवंत शिफ्टला गेल्यावर मी वही घेऊन बसले आहे.

खरं सांगू का, दुःखापेक्षा दमणूक जास्त आहे. तीन महिने तुमची कूस बदलली, पाठीला तेल लावलं, भात मऊ करून भरवला. तुमचं कण्हणं आणि माझ्या गोळ्यांची गुंगी, या दोन्हींमध्ये मी कशीबशी उभी होते. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता जरा पडावं. मग त्याची लाज वाटली. पण तुम्हाला हे कळलं असतं. माझ्या आजारपणात तुम्हीही कितीदा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचात, आणि विचारलं तर म्हणायचात, "काय न्हाई गं. जरा दम खाते."

दुष्काळ सरला त्या उन्हाळ्यात मी या घरात आले. माझं माहेर चाकणच्या पलीकडचं. अकरावीपर्यंत शिकलेली सून मिळाली म्हणून तुम्ही चाळभर मिरवलंत. दवाखान्यातून येताना काही कागद मिळाला की माझ्यापुढं धरायचात, "वाच गं, काय लिवलंय?" दीड वर्ष बरं गेलं. मग कारखान्याचा भोंगा बोलायला लागला.

भोंगा सगळ्यांसाठी शिफ्टचा होता. मला त्यात माझं नाव ऐकू यायचं. आधी नुसतं 'सुमन'. मग 'सुमन, जेवू नको'. यशवंत, तुमचा मुलगा, चिंचवडच्या कारखान्यात लेथवर होता. घरी यायचा तेव्हा शर्टाला लोखंडाचा कीस चिकटलेला असायचा. तो कीस तुम्ही झटकून पिठात मिसळता, अशी माझी खात्री झाली. मी जेवण सोडलं. अंघोळ सोडली. एका दुपारी तुम्ही घास घेऊन जवळ आलात आणि मी तांब्या फेकून मारला. तो तुमच्या भुवईला लागला. रक्त गालावर आलं तरी तुमच्या हातातला घास खाली पडला नव्हता. बाहेर विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, मोरीत पाय घसरला. त्या जखमेची माफी मी कधी मागितली नाही. बरी असताना मागायचं धाडस झालं नाही आणि बरी नसताना सुचलं नाही.

बाबूमामा आले ते दोन गोष्टी ठरवूनच. एक, मला देवऋषीकडं न्यायचं. दुसरी, तिथंही उतार पडला नाही तर मला माहेरी पोचवायचं आणि यशवंतचं दुसरं लग्न करायचं. मुलगीही त्यांनी बघून ठेवली होती. मामांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण ट्रंकेत खाली एक देवाचा टाक लपवून ठेवला होता हे सगळ्या भावकीला माहीत होतं.

"पारू, ह्ये बाहेरचं हाय," मामा म्हणाले. "दवाखान्याचं काम न्हाई."

तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "बाबू, आईचे देव मी माझ्या हातानं पवनेत सोडले. देव सोडले आन् भुतं काय घरात ठिवली व्हय?"

मामा तरी उठून गेले नाहीत. यशवंत दारात उभा राहून, "आई म्हणेल तसं," एवढंच म्हणाला. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्याच्याकडं तेवढंच होतं आणि तेवढं त्यानं दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कामगारांच्या दवाखान्यात नेलंत, जिथं तुम्ही लॅबमध्ये काचसामान धुवायचं काम करायचात. गुरुवार होता. दर गुरुवारी पुण्याहून मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी मला पुष्कळ विचारलं, मी काही सांगितलं नाही. त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं. नायडूसाहेबांनी सुई उचलली आणि मी ओरडायला लागले. माझं रक्त मशीनच्या तेलात घालणार, असं भोंग्यानं मला आधीच बजावलं होतं.

तुम्ही काय केलंत, तर स्टुलावर बसून पदर मागं सारलात आणि स्वतःचा हात पुढं केलात. "सायेब, आधी माझं काढा. तिला बघू द्या कुटं जातंय त्ये."

तुमचं काढलं. मी बघितलं. मग माझं काढू दिलं. नायडूसाहेबांनी दोन्ही रक्तं लांब, बारीक काचेच्या नळ्यांत ओढून घेतली आणि नळ्या शेजारी शेजारी लाकडी स्टँडमध्ये उभ्या केल्या. तासभर हलवायच्या नाहीत. तुम्ही मला घेऊन स्टँडपुढं जमिनीवर उकिडव्या बसलात. वाचता येत नसलं तरी या नळ्या तुम्ही वर्षानुवर्षं धुतल्या होत्या, त्यामुळं त्यांचं काम तुम्हाला ठाऊक होतं. तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं. तांबडं जेवढं भराभर खाली जाईल, तेवढी अंगात कुठंतरी सूज, कुठंतरी जळजळ.

तुमच्या नळीतलं रक्त जेमतेम हललं. माझं डोळ्यांदेखत खाली चाललं होतं.

"धावतंय गं तुझं," तुम्ही हळूच म्हणालात. कित्येक दिवसांत तुमच्या आवाजात मी पहिल्यांदा आनंद ऐकला. माझ्या दुखण्याचं काहीतरी तुम्हाला डोळ्यांनी दिसलं होतं.

तुमचा आकडा बारा आला, माझा अठ्ठावन्न. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि नीट समजावून सांगितलं. हा ईएसआर आहे. अंगात कुठंही सूज असली की वाढतो. दातात असेल, कानात असेल, छातीत असेल. मनाचा आजार यावरून कळत नाही. तुम्ही विचारलंत, "पर बाई, अशा पेशंटांचं वाढतंय का?" त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "काहींचं वाढलेलं मी पाहिलंय. का वाढतं ते मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी सांगणार नाही."

यातलं पहिलं वाक्य तुम्ही घरी आणलंत आणि बाकीची तिथंच ठेवून आलात.

नळावर उभं राहून तुम्ही जाहीर केलंत, "माझ्या सुनेच्या रक्तात सूज हाय. कागद हाय माझ्याकडं." ईएसआर तुमच्या तोंडी बसेना, तुम्ही त्याला इसार म्हणायला लागलात. बायका हसल्या, बैल घेताना देतात तो इसार का? पण हसता हसता त्या दाराशी आल्या. ज्यांनी माझ्या सावलीला यायचं सोडलं होतं त्या लिंबं घेऊन आल्या. एकीनं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. ताप नव्हता, पण मला तो हात अजून आठवतो.

मामांपुढंही तुम्ही कागद धरलात.

"ह्यात येडेपण लिवलंय व्हय?" मामांनी विचारलं.

"रक्त लिवलंय. टीबीवाल्याला बायको सोडून देत्यात का? औषध देत्यात. तसं हाय ह्ये. एक वरीस थांब, मग बोल."

मामा कागद उलटसुलट करून बघत राहिले. त्यांनाही वाचता येत नव्हतं. शेवटी टोपी घालून उठले. "एक वरीस," म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्यांनी मला आधी दगड केलं. दिवसभर झोप, तोंडाला कोरड, चालताना हात अंगाला चिकटलेले. वेणी घालायला बसले की मध्येच विसरायची. गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून मधूनमधून रक्त बघायचं असायचं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही नायडूसाहेबांच्या मागं लागून ती लांब नळीही लावायला सांगायचात. हळूहळू भोंग्यातले शब्द विरले. भोंगा पुरता मुका झाला नाही, पण लांबच्या खोलीत कुणी बोलत असल्यासारखा झाला. मी जेवायला लागले. आकडा मात्र उतरेना.

त्याचं कारण तोंडात होतं. उजवीकडची खालची दाढ कधीची ठणकत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला वाटायचं आवाज तिथूनच येतो. एकदा गाल सुजला तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी बघितलं. दाढेखाली पू होता. दोन दाढा काढल्या. खुर्चीत बसले असताना माझ्या मनात पक्कं होतं, आता दाढेबरोबर आवाजही जाणार. महिन्याभरानं नळी लावली. तांबडं जेमतेम हललं. आकडा चौदा.

कागद मीच तुम्हाला वाचून दाखवला. म्हटलं, "आत्याबाई, रक्त नीट झालं."

"आन् आवाज?"

"आहेत."

तुम्ही कागदाची घडी घातलीत. मग उठून चुलीकडं गेलात. संध्याकाळी नळावर कुणीतरी विचारलं आणि घरात बसून मी तुमचं उत्तर ऐकलं. "अजून हाय की इसार. पन्नासाच्या वरच हाय."

वर्ष संपलं तेव्हा मामांनाही तुम्ही तेच सांगितलंत. त्यानंतर पाच-सहा वर्षं सांगत राहिलात.

आपलं भांडण यावरूनच होतं ना? बाकी सासू-सुनांची भाकरीवरून होतात, आपलं रक्ताच्या आकड्यावरून. मी म्हणायची, तुम्ही खोटं बोलता. माझा रोग रक्तात नाही. दाढेत पू होता, तो गेला. जो आजार आहे तो मनाचा आहे, त्याच नावानं सांगा.

"मनाचा म्हंजी कुटं?" तुम्ही विचारायचात. "हात लावून दाव. डोक्यात हाय म्हणलं की लोक दार लावून घेत्यात. रक्तात हाय म्हणलं की लिंबं आणून देत्यात. मला लिंबं पायजेत."

"मग लिंबं खोट्या बाईला मिळतात. मला नाही मिळत."

"खाती तर तूच हायेस न्हवं?"

खात तर मीच होते. पण आत कुठंतरी टोचत राहायचं की तुम्हालासुद्धा माझा खरा आजार तोंडावर आणायची लाज वाटते. हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्हीही एक गोष्ट मला कधी विचारली नाहीत. माझ्या बरोबरीच्या बायकांच्या दारात पाळणे हलले. डॉक्टरीणबाईंनी, गोळ्या चालू आहेत तोवर घाई नको, असं आपल्या दोघींसमोर सांगितलं होतं. त्यानंतर नातवंड हा शब्द तुम्ही या घरात उच्चारला नाहीत. शेजारच्या बाळाला मात्र न्हाऊ घालायला जायचात आणि येताना हात पदराला पुसत पुसत यायचात.

त्या भांडणापायीच मी एकदा गोळ्या सोडल्या. रोग रक्तात आहे म्हणता, रक्त तर नीट झालं, मग मी नीट आहे, बघू काय होतं. काय झालं ते तुम्ही निस्तरलंत. तीन आठवड्यांत भोंगा परत स्पष्ट बोलायला लागला. एका सकाळी मी घरातून निघाले आणि हमरस्त्यानं चालत सुटले. आकुर्डी मागं पडली, निगडी मागं पडली. देहूरोडला लष्करी डेपोच्या फाटकापाशी शिपायानं अडवलं, तेव्हा माझ्या पायात चप्पल नव्हती. बाबूमामा त्याच डेपोत कामाला. त्यांनी मला ओळखलं, घरी नेलं, मामींनी पाय धुतले. मी त्यांच्यासमोर भिंतीशी बोलत बसले होते. मामांनी तुम्हाला निरोप धाडला.

सकाळपासून मला पायी शोधून तुम्ही दुपारी आलात. मला वाटलं होतं माराल, नाहीतर रडाल. टेम्पोत माझ्याशेजारी बसून तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "माझं पाय लई दुखत्यात गं सुमन." ते ऐकून मी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या परत सुरू केल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावून झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं.

आणि आता जे मला तुमच्याशी भांडायचं आहे ते. तुमची पाठ वर्षभर दुखत होती. "वय झालं, बादल्या उचलून उचलून दुखतीय," म्हणायचात. तोंडाचा रंग उतरला, जिना चढताना मध्ये बसायला लागलात. मी म्हटलं, रक्त तपासा. तुम्ही म्हणालात, "तपासलंय. झ्याक हाय. तुझ्यापेक्षा बरं हाय."

तुम्ही गेल्यावर नायडूसाहेब माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं. वर्षापूर्वी तुम्हीच त्यांच्याकडून रक्त काढून घेतलं होतंत. नळी उभी केली आणि तुम्ही नेहमीसारख्या पुढ्यात बसलात. तास भरायच्या आधीच तांबडं अर्ध्या नळीच्या खाली गेलं. आकडा शंभराच्या वर. नायडूसाहेब म्हणाले, "मैं कुछ बोला ही नहीं. पारूबाईला समजलं होतं." ते पुढच्या तपासण्यांसाठी पुण्याला जा म्हणून मागं लागले. तुम्ही नळी स्वतः धुऊन पालथी घातलीत आणि त्यांना शपथ घातलीत. "घरी सांगू नगा. सुनेची गाडी आत्ता कुटं रुळावर हाय. म्या आडवी झाली तर ती बी आडवी व्हईल." अंथरुणाला खिळलात तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी हाडांतला कॅन्सर सांगितला. फार पसरला होता.

माझा आकडा खाली आला तेव्हा तुम्ही तो वर सांगितलात, आणि तुमचा वर गेला तेव्हा खाली. आत्याबाई, यावरून मला तुमचा फार राग आहे. मी आडवी झाले नाही. बघा, तीन महिने उभी होते. तुम्ही मला तेवढं ओळखायला हवं होतं. वर्षभर आधी सांगितलं असतंत तर वाचला असतात का, मला माहीत नाही. पण त्या तासभरात तुमच्याशेजारी मी बसायला हवी होते. तेवढा माझा हक्क होता.

राग आहे आणि तरीही काल सकाळी काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबूमामा विधीनंतर एक रात्र राहून परत निघाले होते. आता तेही थकलेत, काठी घेतात. यशवंतनं त्यांची पिशवी उचलली. मामांनी जाता जाता सवयीनं विचारलं, दर खेपेला तुम्हाला विचारायचे तसंच. "इसार कसा हाय गं आता तुझा?"

मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "मामा, इसार चांगला आहे. गेली कित्येक वर्षं चांगला आहे. दाढ काढली तेव्हाच उतरला. मला मनाचा आजार आहे. आवाज येतात. गोळ्यांनी कमी राहतात. आत्याबाई तुम्हाला खोटं सांगत होत्या."

यशवंत जागीच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"वरीस संपल्यावर मी आलो न्हवतो का, तवाच. पारू ल्हानपणी गूळ चोरायची आन् खोटं बोलताना डावा कान खाजवायची. त्या दिशी कागद माझ्या हातात दिला आन् कान खाजवीत बसली." मामांनी टोपी सारखी केली. "डेपोच्या फाटकात तू घावलीस तवा तर डोळ्यांनीच बघितलं. पर म्हणलं, बहिणीनं जल्मात माझ्याकडं कायबी मागितलं न्हाई. ह्या एका पोरीपायी माझ्याम्होरं खोटं बोलतीया. बोलू दे."

आणि मला हसू आलं. आत्याबाई, मला तुमचा कान दिसला. नळावर, दारात, दवाखान्यात, सगळीकडं तुम्ही कान खाजवत उभ्या आहात आणि मला, शिकलेल्या सुनेला, एवढ्या वर्षांत ते कळलं नाही. मी मोठ्यानं हसले, हसतच राहिले. यशवंतनं पिशवी खाली ठेवली. माझं एकटीचं हसू या घरात कशाची सुरुवात असतं ते त्याला ठाऊक आहे. दोन पावलं जवळ येऊन त्यानं भीत भीत विचारलं, "सुमन, गोळी घेतलीस ना?"

"घेतलीय," मी म्हटलं. "घाबरू नका. तुमच्या आईची आठवण आली."

तसा तुमचा यशवंत उंबऱ्यावरच बसला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडला.